झाकली मूठ उघडा
(रौप्यमहोत्सवी समारंभात आदिलाबाद येथे केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी न्यासाने माझ्यासारख्या निवृत्त परिचारिकेला बोलावयास उभे केले, याबद्दल मी ऋणी आहे. आपल्या कितीतरी लेकीसुना आज परिचारिका आहेत आणि काही जणी परिचारिकांना शिकवितात. माझे चार शब्द मुख्यतः या शिकविणाऱ्यांसाठी आहेत.

रोग्याला हात लावण्यापूर्वी विद्यार्थिनीचा हात पुतळ्यावर बसावा, म्हणून आता ठिकठिकाणी स्किल लॅब झाल्या आहेत. रीत मात्र जुनी आहे. फ्रान्समध्ये मादाम द्यू कुद्रे नावाची एक सुईण होती. १७५९ साली राजा पंधराव्या लुईने तिला देशभर सुइणी तयार करण्याचे काम सोपविले. कापडाची व चामड्याची बाहुली घेऊन ती वीसहून अधिक वर्षे गावोगाव शिकवीत हिंडली. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. आपली विद्या तिने पुस्तकरूपाने छापली, म्हणून ती विद्या तिच्याबरोबर गेली नाही.

माझी मात्र गेली! बाळंतपणानंतरचा रक्तस्राव डोळ्यांनी मोजताना अंदाज बहुधा कमीच होतो. म्हणून मी जुन्या लुगड्याच्या तुकड्यांवर लाल पाणी मापून ओतीत असे. कुठे पाव लिटर, कुठे अर्धा, कुठे एक. मुली अंदाज सांगत आणि मी तो वहीत टिपून ठेवी. सरावाने त्यांची नजर बसू लागली. हे मी कोठेही मांडले नाही. "यात सांगण्यासारखे काय आहे?" असे वाटे. निवृत्तीनंतर ती वही रद्दीत गेली आणि माझ्यामागून आलेल्या शिक्षिकेला श्रीगणेशापासून आरंभ करावा लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. विद्येची झाकलेली मूठ मात्र कवडीमोलाची ठरते. आणि तिची किंमत भरते ती रात्री अपरात्री दवाखान्यात आणलेली बाळंतीण.

याउलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. चंद्रपूरला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉक्टर अभय व राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्यास शिकविले. फळ काटेकोर मोजले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट. २०११ साली आशाताईंमार्फत घरोघरी नवजात-सेवेचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. नुसते काम करून ते गप्प बसले असते, तर हे देशाला कसे कळते?

आपल्या जिल्ह्याजवळही सांगण्यासारखे आहे. येथे २००८ पासून रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय आहे. येथील परिचारिकेची भाषा तेलुगू वा मराठी, तर कळा देणारी माउली गोंडी किंवा कोलामी बोलणारी असू शकते. सरावात एका मुलीने गोंडीत बोलणाऱ्या बाळंतिणीची भूमिका घ्यावी आणि इतरींनी तिला धीर द्यावा, हा धडा शहरातल्या पुस्तकात कोठून मिळणार?

भगिनींनो, परिषदेची धास्ती बाळगू नका. एक प्रश्न घ्या. सरावापूर्वी काय येत होते व नंतर काय येऊ लागले, ते मोजा. संस्थेच्या नीतिसमितीची संमती आधीच घ्या आणि रोग्याचे नाव कोठेही येऊ देऊ नका. प्रथम एक पानाचा सारांश पाठवा. भाषणाचा संकोच वाटल्यास पोस्टर लावा. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी आकडे खरे असू द्या. धडा फसला असेल तर तेही सांगा, म्हणजे दुसरी तीच ठेच खाणार नाही.

विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे. आपल्याकडील बहुतेक जणींचे पाऊल गाडीभाडे, प्रवेश-फी आणि घरची अडचण यांपाशी अडते. महोत्सवी निधीतून दरवर्षी एका शिक्षिकेचा परिषदेचा खर्च न्यासाने उचलावा; परतल्यावर तिने याच सभागृहात, आपल्या भाषेत, त्याचा वृत्तांत द्यावा. घरच्या मंडळींनीही ते तीन दिवस चूल सांभाळावी!

माझी वही गेली. तुमच्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका, एवढे सांगून मी आपली रजा घेते.