पिपचे आतले कोड मुलांना वाचायला द्या

जालना, अंबड, परतूर, मंठ्यापासून भोकरदन-जाफ्राबादपर्यंतच्या तालुक्यांतून आलेल्या शिक्षक मित्रांनो, वर्षाचा आढावा अहवालात छापलेला आहे. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ती कित्येक वर्षे मनात साचली आहे.

आपण पायथन शिकवतो आणि पॅकेजेस बसवणाऱ्या पिपची एक ओळ फळ्यावर लिहून मोकळे होतो. २००८ मध्ये इयान बिकिंग यांनी सुरू केलेले हे साधन पायथनमध्येच लिहिलेले आहे. साइट-पॅकेजेसमध्ये पिप, त्यात ‘_इंटर्नल’, त्यात ‘युटिल्स’: प्रत्येक लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर हा फोल्डर पडून आहे. नेटही लागत नाही. तो उघडून दाखवणारा शिक्षक मला क्वचितच भेटला.

सकाळच्या चर्चेत यावरून दोन तट पडले. एक म्हणाला, आतले कोड हाताशी आहे, सरळ इंपोर्ट करा. दुसरा म्हणाला, खासगी कोडकडे फिरकूच नका. दोघांनाही माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. एका महाविद्यालयात पुरवठादाराची स्क्रिप्ट पिपचे ‘मेन’ फंक्शन थेट बोलवायची. एप्रिल २०१८ मध्ये पिप १० आले, आतले सगळे ‘_इंटर्नल’खाली गेले आणि अपग्रेड होताच ती स्क्रिप्ट ऐन प्रॅक्टिकलच्या दिवसांत कोसळली. आतल्या कोडबद्दल पिप कोणतीही हमी देत नाही. स्क्रिप्टमधून पिप हवेच असेल तर सबप्रोसेसने चालवावे, असे त्याच्या दस्तऐवजातच लिहिलेले आहे. पहिल्या तटाचा प्रश्न इथेच मिटतो.

आता दुसरा तट. विंडोजवर नमपाय हे पॅकेज अपग्रेड केले की कधीकधी इशारा येतो: अवैध पॅकेज, नाव ‘numpy’ऐवजी ‘~umpy’ असे भलतेच, पहिले अक्षर गायब. व्हायरस समजून विंडोज फॉरमॅट करायला निघालेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना मी ‘युटिल्स’मधली ‘टेंप_डिर’ ही फाइल उघडून दिली. जुने पॅकेज काढताना पिप त्याचा फोल्डर लगेच पुसत नाही. पहिले अक्षर बदलून शेजारीच ठेवते; नवे बसले नाही तर जुने परत आणता यावे म्हणून. एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवली असेल तर तो फोल्डर पुसला जात नाही आणि तसाच उरतो. मुलांनी हे स्वतः वाचले, तो फोल्डर काढून टाकला. त्या दिवशी ती जे शिकली ते आपल्या अभ्यासक्रमात कुठेही नाही.

त्याच फोल्डरमधली ‘हॅशेस’ ही फाइल पाहा: शा-२५६, ३८४ आणि ५१२ हेच हॅश मजबूत मानलेले, एमडी५ला तिथे जागा नाही. ‘अनपॅकिंग’ पाहा: ठरल्या फोल्डरबाहेर फाइल टाकू पाहणारे पॅकेज तिथेच अडते. सायबर सुरक्षेवर तासन्‌तास व्याख्याने देणाऱ्यांनी ही छोटी फाइल एकदा तरी वर्गात वाचावी.

असे कोड लिहिणाऱ्यांचे नाव कोणी घेत नाही, याचे मला फार वाईट वाटते. २०१७ मध्ये गुगल समर ऑफ कोडमधून पिपवर काम करणारे प्रद्युन गेडाम भारतातलेच. आपली मुले तिथे का नसावीत?

या फाइलींवर मराठी टिपा काढायच्या आहेत, तालुक्यांत वाचनगट सुरू करायचे आहेत. तपशील बसून ठरवू. पण टिपांची वाट पाहू नका. पुढच्या प्रॅक्टिकलला ‘युटिल्स’ उघडा आणि त्यातली एक फाइल मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.