खोलीला मालकाने कुलूप घातलं तर...
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)

तायांनो, आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलं-सुना शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नाहीतर इचलकरंजीत कामाला आहेत आणि भाड्याच्या खोलीत राहतात. भाडं थकलं की काही मालक खोलीला आपलं कुलूप घालतात, वर उघडायचे पैसे वेगळे मागतात.

आपल्या हातून किल्ली हरवली, तर चावीवाल्याचे पैसे आपण द्यायचे. थकलेलं भाडंही द्यायलाच लागतं. पण त्यासाठी कुलूप घालायचा हक्क मालकाला नाही. त्याने कोर्टात जावं. पाणी, लाईट तोडायलाही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये मनाई आहे.

अशा वेळी कुलूप तोडू नका. फोटो काढा, ११२ ला फोन करा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. ताबा परत मिळवायचा दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असू दे. त्यांचा फोन नंबर १५१००.

आणि हो, भाडं दिलं की पावती घ्याच. गटाच्या हप्त्याची नोंद आपण कधी सोडतो का? मग ही का सोडायची?