तिलावत आणि चिंतन



आपल्या घोडेगावात काय किंवा अन्यत्र काय, मुलाचा कुरआनशरीफचा नाजरा पूर्ण झाला की घरात मिठाई वाटतात. आनंदाचीच गोष्ट आहे. पण पुढे तो ग्रंथ जुजदानात जातो आणि फळीवर चढतो, त्याचे काय? सूरह सादच्या २९ व्या आयतीत तर लोकांनी चिंतन करावे म्हणूनच हा ग्रंथ उतरविल्याचे सांगितले आहे.

सूरह फातिहाच घ्या. आयती अवघ्या सात. दिवसाच्या १७ फर्ज रकातींमधून ती आपल्या सोबत असते. तिच्या पूर्वार्धात अल्लाहतआलाविषयी बोलणे आहे : तो पालनकर्ता, तो दयाळू, तो न्यायदिनाचा मालक. मग मध्येच बोलणे वळते आणि ‘तो’चा ‘तू’ होतो. बंदा थेट समोर उभा राहून मदत मागू लागतो. आपल्या मराठीत वडिलांना ‘अहो’ म्हणणारे मूलही आईला ‘तू’च म्हणते. हे वळण ज्याच्या ध्यानी आले, तो नमाज घाईने उरकील काय?

अरबी येत नाही, ही सबब पुरेशी नाही. गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी अरबी शिकून मूळ कुरआनचा अभ्यास केला आणि १९६२ साली निवडक आयतींचे संकलन प्रसिद्ध केले. आपल्यासाठी तर मराठी तरजुमेही उपलब्ध आहेत. (उच्चार मात्र उस्तादांकडूनच शिकावेत, ते पुस्तकातून येत नाहीत.)

इशानंतर एकच आयत घ्या. तिचा अर्थ वाचा, मुलाला एक प्रश्न विचारा. उत्तर आले नाही तर रागावू नका; दुसऱ्या दिवशी तीच आयत पुन्हा घ्या.