मानेचे न दिसणारे दुखणे



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही आज आरोग्याविषयी चार शब्द बोलणार आहोत. विषय आहे अपघातात मानेला बसणारा हिसका आणि त्यानंतर महिनोन् महिने टिकणारे दुखणे. आपले खर्डी मुंबई-नाशिक महामार्गावरचे गाव. कसारा घाट उतरून येणारे ट्रक, खच्चून भरलेल्या जीपगाड्या, एका मोटारसायकलवर तिघे, हे आपण रोज पाहतो. तेव्हा हा विषय आपल्या दारातलाच आहे.

बाबासाहेबांना 1929 साली चाळीसगाव येथे झालेला अपघात आपणांस ठाऊक असेल. टांगेवाल्याने अस्पृश्याचा टांगा हाकण्यास नकार दिला, म्हणून वस्तीतल्या सवय नसलेल्या माणसाने लगाम हाती घेतला. मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. मोडलेले हाड दिसते, त्याला प्लास्टर घालता येते. मानेचा हिसका मात्र कोणालाच दिसत नाही आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

हा हिसका बसतो कसा ते पाहू. आपल्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो. सात मणक्यांची मान ते तोलून धरते. उभ्या गाडीला मागून धडक बसली की आसनाबरोबर धड पुढे ढकलले जाते, पण डोके क्षणभर जागीच राहते. त्या क्षणी मान इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते, मग डोके मागे आणि पुढे फेकले जाते. डोळ्याची पापणी लवावी इतक्या वेळात हे घडते. स्नायू, सांधे जोडणारे बंध आणि मणक्यांमागचे छोटे सांधे ताणले जातात. याला इंग्रजीत व्हिपलॅश म्हणतात. व्हिप म्हणजे चाबूक. पुष्कळदा अपघाताच्या दिवशी काहीच वाटत नाही आणि दुसऱ्या दिवशी मान आखडते, डोके दुखते, चक्कर येते.

निदानासाठी 1995 मध्ये कॅनडातील क्विबेक येथील तज्ज्ञांनी पायऱ्या ठरवून दिल्या. पहिलीत फक्त दुखणे व ताठरपणा. दुसरीत मान कमी वळते आणि दाबल्यास दुखते. तिसरीत हाताला बधिरपणा किंवा अशक्तपणा, म्हणजे नसेवर परिणाम. चौथीत मणका मोडलेला किंवा सरकलेला. डॉक्टरांचे पहिले काम म्हणजे चौथी पायरी नाही याची खात्री करणे. म्हणून अपघातानंतर हातपाय बधिर असतील, लघवीवर ताबा नसेल, मानेच्या मधोमध हाडावर दुखत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा जखमी व्यक्ती 65 वर्षांवरील असेल, तर तिला ओढून उठवू नका. डोके व मान एका रेषेत स्थिर धरा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आता मुद्द्याची गोष्ट. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, स्नायू आणि बंध दिसत नाहीत. त्यामुळे 'फोटो साफ आहे' याचा अर्थ 'दुखत नाही' असा होत नाही. उलट, 'मणक्यात गॅप आहे' असे ऐकून लोक घाबरतात. पण वय वाढले की अशी झीज काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या फोटोतही आढळते. 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांच्या नसा इंजेक्शनने बधिर करून पाहिल्या. दीर्घकाळ दुखणाऱ्या सुमारे निम्म्या रुग्णांत दुखण्याचे मूळ त्या सांध्यांतच निघाले. म्हणजे ज्यांना 'ढोंगी' ठरवले होते, त्यांच्या दुखण्याला शरीरात जागा होती.

हिसका बसलेले बरेच जण काही आठवड्यांत बरे होतात. मात्र सुमारे निम्म्या लोकांना वर्षानंतरही थोडेफार दुखते. सुरुवातीलाच वेदना तीव्र असेल तर ती लांबण्याची शक्यता अधिक. गंभीर इजा नसल्याची खात्री झाल्यावर पट्टा लावून आठवडेच्या आठवडे पडून राहण्यापेक्षा मान हळूहळू हलवणे, नेहमीच्या कामाला थोडेथोडे लागणे आणि सांगितलेले व्यायाम करणे हितकारक ठरते. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. आपल्या माता-भगिनींना विहिरीवरून हंडे डोक्यावर आणावे लागतात. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जाते, त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते! हिसका बसलेल्या बाईच्या डोक्यावर लगेच भरला हंडा देऊ नका. तो भार काही दिवस घरातील पुरुषांनी उचलावा.

आणखी एक सांगणे. अपघातानंतर लगेच सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, केसपेपर जपून ठेवा, पोलिसांत नोंद करा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. 2019 च्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. दुखणे दिसत नसेल, तर निदान कागद तरी दिसला पाहिजे.

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाच्या तळमळीचा. 'आता मी कायमचा अधू झालो' ही भीती म्हणजे दुसरा बाण. त्या भीतीने मान हलवणे थांबते आणि दुखणे वाढते. तो बाण रुग्णाने स्वतः ओळखावा. परंतु 'नाटक करतो', 'कामचुकार आहे' असे म्हणून घरचे, शेजारी आणि मुकादम हाच बाण त्याच्यावर मारतात, त्याचे काय? दुःख आहे हे मान्य करणे, मग कारण शोधणे, मग मार्ग धरणे ही आपल्या धम्माची रीत आहे. दुःख मान्यच केले नाही, तर पुढची एकही पायरी चढता येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही उद्या डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेवक व्हाल. वीटभट्टीवरचा मजूर 'साहेब, मान दुखते' म्हणून समोर बसला, तर फोटोकडे पाहण्याआधी त्याचे ऐकून घ्या, मानेला हात लावून तपासा. समाजाला तुमच्याकडून हीच अपेक्षा आहे.

जय भीम! जय भारत!