ध्यान : नवशिक्यांसाठी थोडंसं

(स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



साठी ओलांडल्यापासून आपल्या ग्रुपवर शुभप्रभात कमी आणि शुगर-बीपीचे आकडे जास्त येतात. म्हणूनच बहुधा संयोजकांनी मला हा विषय दिला. मी कुणी गुरू नाही. तारापूर एमआयडीसीत ३१ वर्षं पाळ्या केल्या. निवृत्त झालो तरी रात्रपाळीच्या वेळेला टक्क जागा व्हायचो. त्या जागरणाने मला ध्यानाकडे नेलं.

आपलं अणुवीज केंद्र सुरू झालं त्याच १९६९ साली सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून आले आणि मुंबईत त्यांनी पहिलं विपश्यना शिबिर घेतलं. १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं. आता पालघरातही केंद्र आहे. दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा, फी काही नाही. पहिले तीन दिवस नुसता येणारा-जाणारा श्वास पाहायचा, हे आनापान. चौथ्या दिवसापासून अंगभरच्या संवेदना पाहायच्या. पहिल्या दिवशी माझं मन श्वासावर कमी आणि बोईसरच्या फलाटावर जास्त होतं. मन भटकलं हे कळलं की न चिडता परत आणायचं. ते शंभरदा करावं लागतं.

पण एकदम शिबिराला जाऊ नका, असं माझं मत. घरीच दहा मिनिटं बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते. ज्यांच्या घरी वारी आहे त्यांना नामस्मरण सोपं जाईल, तेही ध्यानच. कुणी मैत्रीभावना करतात, म्हणजे आपल्या माणसांचं, मग न पटणाऱ्यांचंही मनोमन भलं चिंतायचं. (भाऊबंदकीची केस चालू असेल त्यांनी हळूहळू घ्यावं!) बसवतच नसेल तर केळव्याच्या किनाऱ्यावर पावलांकडे लक्ष ठेवून सावकाश चाला.

ताण आणि काळजी कमी होते, झोप सुधारते. रक्तदाबही काहींचा थोडा उतरतो. पण आपल्याच वर्गातल्या एकाने ध्यान सुरू करून गोळ्या बंद केल्या आणि पंधरा दिवसांत त्याला आयसीयूत न्यावं लागलं. तो आज इथे बसलाय, आणि हे सांग असं त्यानेच मला बजावलंय. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मनाच्या आजारावर उपचार चालू असतील तर लांब शिबिराआधीही त्यांना विचारा.

ज्यांना बसून पाहायचंय त्यांनी चहाआधी आपल्या दहावीच्या वर्गात या. जेवणानंतर नको, पेंग येते. मोबाइल बाहेर ठेवा.