भोजकटाची सनद



नागपुरातील, इंद्राच्या उपवनाचे नाव मिरवणाऱ्या या नंदनवन वसाहतीत, स्वागत समितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. पौराणिक राज्यांच्या स्थलनिश्चितीचा जो विषय आपण चर्चेस घेतला आहे, तो रुक्मिणी आणि दमयंती या दोघींच्या माहेरी मांडला जावा, याचा आम्हां वैदर्भीयांस विशेष आनंद आहे.

रुक्मिणीचा पिता भीष्मक याचे कुंडिनपूर म्हणजे तिवसा तालुक्यातील, वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर, अशी आमची श्रद्धा आहे आणि रुक्मिणीची पालखी आषाढीस तेथूनच पंढरपुरास जाते. अरुणाचलातील इदू मिश्मी लोक भीष्मकनगरचा हवाला देऊन तिला आपली कन्या मानतात, तिकडे गुजरातेत माधवपूरची जत्रा तिचा विवाह साजरा करते; तिला इतकी घरे आपली म्हणतात, यात मला तिचा गौरवच दिसतो. डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९६० नंतरच्या दशकात कौंडिण्यपुरास उत्खनन केले, त्यातून वस्तीचे प्राचीनत्व सिद्ध झाले. रुक्मिणीचा वाडा मात्र सिद्ध झाला नाही, आणि हा भेद आपण प्रामाणिकपणे पाळला पाहिजे.

भोजकटाची गोष्ट निराळी आहे. कृष्णाकडून पराभूत झालेला रुक्मिणीचा भाऊ रुक्मी, कृष्णाला हरवल्याशिवाय न परतण्याच्या प्रतिज्ञेमुळे कुंडिनपुरास न जाता, जे नगर वसवून राहिला ते भोजकट. आणि पाचव्या शतकातील वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याने आपल्या १८ व्या राज्यवर्षी १,००० ब्राह्मणांस ८,००० ‘भूमी’ (जमिनीचे तत्कालीन माप) मोजून जे चर्मांक गाव दिले, ते मधुनदीच्या तीरी, भोजकट राज्यात असल्याचे त्याच्या ताम्रपटात स्पष्ट नमूद आहे. चर्मांक म्हणजे अचलपूरजवळचे आजचे चम्मक. रुक्मी खरोखर होऊन गेला की नाही, हे तो ताम्रपट सांगत नाही. पण कथेतले नाव सरकारी दफ्तरात, गावाच्या आणि नदीच्या निर्देशासह, महसुली मुलुखाचे नाव म्हणून नांदत होते, एवढे तो निर्विवाद सांगतो. प्राचीन लेखांचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी याच नागपुरात अशा लेखांचे अक्षर न् अक्षर वाचण्यात आयुष्य वेचले.

म्हणून, सभागृहातील विदर्भवासी श्रोत्यांना माझी एकच विनंती आहे : कोणाच्या देवघरात, माळ्यावर वा वडिलोपार्जित पेटीत अक्षरे कोरलेला तांब्याचा पत्रा असेल, तर तो मोडीत घालण्यापूर्वी एकदा जाणकारास दाखवावा.