निळ्या उजेडातला फोटो

घरातल्या छोट्या खाऱ्या टाकीत प्रवाळ वाढवणारे बहुतेक लोक टाकीचा फोटो एकाच पद्धतीनं काढतात. खोलीतले दिवे मालवायचे, टाकीवरचे फक्त निळे दिवे ठेवायचे आणि हिरवे, केशरी, गुलाबी रंग निखाऱ्यासारखे फुलले की टिपायचे. फोटो देखणा येतो, यात शंका नाही. पण त्यावरून प्रवाळाची तब्येत कळत नाही. बिघडली असेल तर ती झाकली जाते. ज्याला हे जीव जगवायचे आहेत, त्यानं दर आठवड्याला, एकाच जागेवरून, पांढऱ्या उजेडात एक साधा फोटो काढून ठेवावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे. दगडासारखा दिसतो तो त्याचा सांगाडा. त्याच्या मऊ शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. या शैवालाचा रंग तपकिरी. म्हणजे निरोगी प्रवाळाचा पाया बहुधा असा साधा, मातकट असतो. चमक येते ती प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांतून. ती निळा प्रकाश शोषतात आणि हिरवा किंवा तांबडा बाहेर टाकतात. मॉस्कोतल्या संशोधकांनी १९९९ साली लाल चमकणारं प्रथिन जगापुढे आणलं, ते हौशी लोकांच्या टाक्यांत सर्रास दिसणाऱ्या मशरूम प्रवाळाच्या जातकुळीतलं. पुढे २०२० साली इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठानं दाखवून दिलं, की पाणी तापून शैवाल निघून गेलं की काही प्रवाळ उन्हापासून बचावासाठी हीच रंगीत प्रथिनं भरभरून तयार करतात. म्हणजे झगझगीत रंग हा कधी कधी संकटात सापडलेल्या जीवाचा रंग असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या प्रवाळ-निरीक्षण उपक्रमात स्वयंसेवकांच्या हाती रंगपट्टी देतात. तीवर रंग फिका आहे की गडद, हे जुळवायचं असतं. त्यांनी चमक सोडून गडदपणा मोजायला घेतला, यातच सगळं आलं.

टॉर्च प्रवाळाचं उदाहरण घ्या. लांब, डुलणारी शुंडकं आणि प्रत्येकाच्या टोकाला एक गोल बोंड. निळ्या उजेडात नजर त्या बोंडांवरच खिळते. बिघाडाची सुरुवात मात्र पुष्कळदा खाली होते, जिथे मांस सांगाड्याला धरून असतं तिथे. मांसाची ती कड नखभर वर सरकते आणि मागे उघड्या सांगाड्याची पांढरी रेघ राहते. निळ्या उजेडात पांढरं निळंच दिसतं, त्यामुळे ही रेघ पार्श्वभूमीत विरून जाते. पांढऱ्या उजेडातले मागच्या आणि या आठवड्याचे फोटो शेजारी ठेवले, की ती लगेच दिसते.

कोणी म्हणेल, पाणी तपासायची साधनं असताना फोटो कशाला? साधनं हवीतच. लहान टाकीत तर फारच हवीत. साठ लिटर समुद्री पाण्यात साधारण २१०० ग्रॅम मीठ असतं, लिटरला ३५ ग्रॅम. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं. तीन दिवसांत सहा लिटर उडालं आणि गोड्या पाण्याची भर घातली नाही, तर लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम होतं. हे मोजमापानंच कळणार. पण मोजमाप सांगतं ते पाण्याबद्दल, आणि तेही मोजलं त्या क्षणाचं. मधल्या काळात प्राण्यावर काय गुजरलं, हे प्राण्याच्या अंगावरच वाचावं लागतं. तिथे आठवणीवर विसंबून चालत नाही, कारण रोज पाहणाऱ्याला सावकाश होणारा बदल दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. समुद्रात खोल गेलं की लाल रंग आधी नाहीसा होतो, निळा टिकतो. मग निळा उजेडच खरा नव्हे का? प्रवाळासाठी खराच आहे. दिवसभर तो खुशाल द्यावा. फोटोपुरते पाच मिनिटं पांढरे दिवे लावावेत. त्याआधी काच पुसून घ्यावी, पंप बंद करावेत म्हणजे शुंडकं स्थिर होतील, आणि कॅमेरा काचेला अगदी समोरासमोर धरावा, कारण तिरक्या कोनातून काच आणि पाणी मिळून चित्राच्या कडा रंगीत व धूसर करतात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रंगसंतुलन स्वयंचलित ठेवू नये. कॅमेऱ्यानं दर वेळी आपल्या मतानं रंग बदलला, तर तुलना करायची कशाची?

निळ्या फोटोनं कोणाचं काय बिघडतं, असंही विचारलं जातं. परदेशात प्रवाळाचे तुकडे पुष्कळदा अशा फोटोंवरच विकले जातात. घेणाऱ्याच्या घरी तोच तुकडा तपकिरी दिसतो. त्याला वाटतं आजारी आहे. तो दिवे वाढवतो, जागा बदलतो, औषधं ओततो, आणि धडधाकट प्राणी खरोखरच आजारी पडतो. मला हे क्रूर वाटतं, फसवण्याचा हेतू नसला तरीही.

आपल्याकडे कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. त्यामुळे घरातल्या टाकीची गोष्ट परदेशातल्या मराठी श्रोत्यांना अधिक लागू पडेल. पण मालवणच्या समुद्रात तोंड बुडवून प्रवाळ पाहणारे इथे पुष्कळ आहेत आणि हातात कॅमेराही असतो. त्यांनी फोटो काढताना प्रवाळाला हात न लावता रंगाच्या तुलनेसाठी चौकटीत एक पांढरी प्लास्टिकची पट्टी धरावी आणि घरी आल्यावर रंग चढवण्याआधीची प्रत जपून ठेवावी. पुढच्या मोसमात त्याच खडकापाशी गेल्यावर तीच उपयोगी पडेल.